बॅगावाल्यांनी मागनं यावं

धोंडेमाळच्या साळूबाईंनी सकाळी सातलाच तांब्याभर पाणी आणि ताटलीत भाकरीचा तुकडा उंबऱ्याशी आणून ठेवला. नऊ वाजता त्या तुकड्याला मुंग्या लागल्या. त्यांनी तो झटकून कोंबड्यांना टाकला आणि नवा ठेवला. साडेदहाला तोही वाळून कडक झाला. तिसरा तुकडा मोडताना त्यांच्या मनात आलं, की पोरगं असंच उशिरा आलं तर आख्खी भाकरी ओवाळण्यातच संपायची.

पोरगं म्हणजे नाईक इंद्रजित. सतरा वर्षं पलटणीत काढून तो त्या दिवशी कायमचा घरी येणार होता. पलटणीतून रिटायर होऊन येणाऱ्याची फाट्यापासून गावापर्यंत मिरवणूक काढायची, ही आता कवठे महांकाळच्या बाजूला रीतच झालेली आहे. पूर्वी नव्हती. साळूबाईंचे मालक लालासाहेबही फौजेतच होते. तीस वर्षांपूर्वी ते रिटायर झाले, तेव्हा फाट्यावर एसटीतून उतरले, काळी लोखंडी पेटी डोक्यावर घेतली आणि भर उन्हात अडीच किलोमीटर चालत आले. चौकात एका म्हातारीनं त्यांना अडवून विचारलं, "पेटी केवढ्याला दिली रं?"

हा किस्सा लालासाहेब मरेपर्यंत हसत हसत सांगत राहिले. साळूबाई तो ऐकून एकदाही हसल्या नाहीत. त्यांनी फक्त एवढंच मनात धरून ठेवलं, की माझं पोरगं पेटी डोक्यावर घेऊन यायचं नाही. ही गोष्ट त्यांनी सरपंच नानासोला सांगितली, तेव्हा नानासो छातीवर हात ठेवून म्हणाला होता, "काकू, पेटीचं सोडा, इंद्राचा पाय जिमिनीला लागला तर नावाचा नानासो न्हाई."

नानासो बोलल्याप्रमाणे करणारा माणूस होता. त्यानं फाट्यासाठी एक आणि चौकातल्या मांडवासाठी एक, असा दोनदा फ्लेक्स छापून आणला. त्यावर युनिफॉर्ममधला इंद्रजित सॅल्यूट करत होता आणि त्याच्या दुप्पट आकाराचा नानासो कानाला मोबाईल लावून कुणाशी तरी बोलत होता. उघडी जीप सजवली. हलगीवाले आले, लेझीमच्या पोरी आल्या, फेटे बांधणारा आला, ड्रोनवाला आला. कुपवाडच्या कारखान्यांत कामाला असलेली पोरं अर्धी रजा टाकून चाळीस दुचाक्यांवर आली. शेवटी अर्जुना आपला जेसीबी घेऊन आला. त्याच्या बकेटमध्ये पोतीच्या पोती झेंडूच्या पाकळ्या भरल्या होत्या. त्या वरून इंद्रजितच्या डोक्यावर ओतायच्या होत्या. दहा वाजता फाट्यावर इंद्रजित सोडून सगळं वेळेवर हजर होतं.

इंद्रजितची गाडी वाटेत कुठंतरी तीन तास खोळंबली होती. मिरजेला उतरून एसटी धरायची म्हणजे दुपार होणार, असा त्याचा सकाळीच फोन आला होता. नानासोनं तो निरोप कुणाला सांगितला नाही. सांगितलं असतं तर माणसं घरी गेली असती.

त्याच दिवशी धोंडेमाळात आणखी एक येणं होतं. फाटा आणि गाव यांच्या मधोमध, ओढ्याच्या अलीकडं, ख्रिस्ती लोकांची अकरा घरं आहेत. तिथं एक छोटं चर्च आहे आणि त्याला लागून एक दवाखाना. करुणाबाई आवळे मिरजेहून नर्स म्हणून रिटायर झाल्यापासून तो दवाखाना सांभाळतात. धोंडेमाळातल्या निम्म्या गावानं पहिलं इंजेक्शन त्यांच्या हातचं घेतलेलं आहे, म्हणून गाव त्यांना सिस्टरबाई म्हणतं आणि मुलं त्यांना बघून अजून रस्ता बदलतात. या दवाखान्याच्या आणि चर्चच्या भिंती रंगवायला अमेरिकेतल्या एका चर्चमधून सात माणसं येणार होती. सेवाकार्य म्हणून, स्वतःच्या खर्चानं, सुट्टी काढून.

गावातल्या बायकांना हे काही पटलं नव्हतं. तिकडं भिंती नाहीत का, असं त्यांनी करुणाबाईंना विचारून झालं होतं. करुणाबाईंनी सांगितलं, की भिंती आहेत, पण देवासाठी घाम गाळायचा तर तो आपल्या घरापासून लांब गाळावा असं त्यांना वाटतं. "मग हिकडं गळंलच," असं साळूबाई म्हणाल्या होत्या. एप्रिल चालू होता.

पाहुणे चार वाजता यायचे होते. पुण्याहून निघून साताऱ्यात चहा, औंधला संग्रहालय बघणं, तिथंच जेवण, असा बेत होता. चारच्या स्वागतासाठी चर्चमधल्या बनाबाई आणि तिच्या चौघी मैत्रिणी एक इंग्रजी स्वागतगीत दीड महिना पाठ करत होत्या. पण साताऱ्यापुढं पाहुण्यांच्या टेंपो ट्रॅव्हलरचा एसी बंद पडला. औंधला खिडकीतूनच संग्रहालयाच्या डोंगराला हात जोडून त्यांनी गाडी पुढं घ्यायला लावली. त्यामुळं साडेचार तास आधी, म्हणजे साडेअकरालाच, ते धोंडेमाळ फाट्यावर पोचले. पुढं रस्ताच नव्हता. जीप, जेसीबी आणि चाळीस दुचाक्या आडव्या होत्या.

गाडी थांबली. पहिल्यांदा त्यांचे धर्मगुरू, पास्टर डग, उतरले. सहा फुटांच्या वर उंची, तोंड टोमॅटोसारखं लाल, पायात मोजे आणि मोज्यांवर सँडल. आता हलगीवाल्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. पण फाट्यावर गाडी थांबून पाहुणा उतरला की वाजवायचं, एवढंच त्यांचं काम. त्यांनी वाजवलं. हलगी वाजली म्हणून लेझीम सुरू झालं. लेझीम सुरू झालं म्हणून ड्रोन उडाला. पास्टर डग यांनी दोन्ही हात छातीवर ठेवले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

पाहुण्यांबरोबर दुभाषा म्हणून सांगलीच्या एका कॉलेजातले इंग्रजीचे मास्तर वीरधवल आले होते. भाषांतरानं कुणाचं मन दुखवू नये, असा त्यांचा नियम होता. शिवाय सकाळपासून ते एसी नसलेल्या गाडीत मागच्या सीटवर बसले होते. पास्टर डग यांनी विचारलं, की हे सगळं कशासाठी चाललंय. वीरधवल मास्तरांनी फ्लेक्सकडं पाहिलं, गर्दीकडं पाहिलं, उन्हाकडं पाहिलं आणि सांगितलं, की हे लोक स्वागत करत आहेत. यात खोटं काहीच नव्हतं.

इकडं नानासो विचारात पडला होता. हलगीवाल्यांना दोन वाजता दुसऱ्या गावात लग्न होतं. कुपवाडच्या पोरांची अर्धी रजा दुपारी संपत होती. ड्रोनची बॅटरी उतरत होती, बकेटमधल्या पाकळ्या काळ्या पडत होत्या, अर्जुनाचा जेसीबी दुपारनंतर एका विहिरीवर ठरला होता. आणि समोर आयते सात गोरे उभे होते. सरपंच होऊन चार वर्षं झाली, पण एकाही गोऱ्याबरोबर त्याचा फोटो नव्हता.

"तालीम करून घिऊ," नानासो म्हणाला. "पाव्हण्यांस्नी बसवून एक फेरी मारू. इंद्रा आला की परत खरी काढू."

बोलण्यात काही चूक नव्हती. लग्नातसुद्धा बँडवाला नवरा यायच्या आधी एकदा वाजवून बघतोच. फेटेवाल्यानं सात डोक्यांना सात फेटे बांधले. त्यातला तुऱ्याचा, जरीचा, इंद्रजितसाठी आणलेला फेटा पास्टर डग यांच्या वाट्याला आला, कारण जीपमध्ये पुढं उभं राहायचं होतं आणि उंचीला तेच शोभत होते. मग अर्जुनाला कुणीतरी खूण केली. तालमीत पाकळ्या टाकायच्या नसतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं बकेट उलटी केली.

निम्म्या पाकळ्या पास्टर डग यांच्यावर आणि जीपमध्ये पडल्या, निम्म्या रस्त्यावर. बकेट रिकामी झाली तेव्हा नानासोला कळलं, की तालीम संपली आणि खरी मिरवणूक सुरू झाली. पण आता थांबवायची कशी? त्यानं मोबाईल काठीला लावून लाईव्ह चालू केलं होतं. दोनशे माणसं बघत होती.

त्याच वेळी मिरजेच्या स्टँडवरून इंद्रजितनं त्याला तीन फोन केले. फोन घेतला की लाईव्ह बंद पडतं. नानासोनं तिन्ही वेळा तो कापला.

मिरवणूक चर्चपाशी आली, तेव्हा करुणाबाई जुन्या पातळाचा पदर खोचून रस्ता झाडत होत्या. नवं पातळ साडेतीनला नेसायचं होतं. हलगीच्या आवाजानं त्यांनी मान वर केली. इंद्रजितची मिरवणूक म्हणून त्या कौतुकानं बाजूला झाल्या आणि बघतात तो जीपमध्ये आपलेच पाहुणे. फोटोवरून त्यांनी लगेच ओळखले. त्यांनी हातातला झाडू हलवून जीप थांबवायचा प्रयत्न केला. पास्टर डग यांनी सगळ्यांना हलवत होते तसाच प्रेमानं त्यांनाही हात हलवला. जीप पुढं गेली. दीड महिना पाठ केलेलं गाणं घेऊन बनाबाई दारात येईपर्यंत रस्त्यावर नुसती धूळ होती.

"आपल्याकडंच यायचं होतं न्हवं त्यांनी?" बनाबाईनं विचारलं.

"आपल्याकडंच," करुणाबाई म्हणाल्या. "गाव आडवं आलं."

गावात हलगी शिरली तशा दारोदारी आरत्या पेटल्या. बायका बाहेर आल्या. जीपमध्ये कोण आहे ते बघून थोड्या दचकल्या, पण पेटलेलं ताट तसंच घरात न्यायचं नसतं. त्यांनी ओवाळलं. एका घरी ओवाळलं म्हटल्यावर दुसऱ्या घराला मागं राहता येईना. साळूबाईंचं घर चौकालाच लागून. हलगी दारात आली तशी त्यांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि ताटली, तांब्या घेऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या. सतरा वर्षांचं रडू येईल म्हणून त्यांनी मान खालीच ठेवली होती. जीप थांबली आणि समोर पाय आले. त्यांनी पायांवर पाणी घालायला तांब्या वाकवला आणि थांबल्या.

पायांत मोजे होते.

त्यांनी मान वर केली. बरीच वर करावी लागली.

"ह्यो माझा न्हवं," साळूबाई म्हणाल्या.

हलगी कुणीतरी थांबवली. पास्टर डग यांनी वीरधवल मास्तरांना हळूच विचारलं, की या आई काय म्हणाल्या. मास्तरांच्या नियमाची एवढी परीक्षा कधी झाली नव्हती. ते म्हणाले, "त्या म्हणतात, तुम्ही त्यांना मुलासारखे आहात."

पास्टर डग यांनी खाली वाकून साळूबाईंना मिठी मारली.

साळूबाईंना आयुष्यात चारचौघांत कुणी मिठी मारली नव्हती. लालासाहेबांनी सियाचीनवरून येऊनसुद्धा नुसतं "बरी हायस का" एवढंच विचारलं होतं. त्या फळीसारख्या ताठ उभ्या राहिल्या. हातातला तांब्या कलंडला आणि सगळं पाणी पास्टर डग यांच्या मोज्यांत गेलं. पास्टर डग यांना तोही विधीच वाटला. ते आणखी रडले. बाकीच्या सहा जणांनी फोटो काढले.

मिठी सुटल्यावर साळूबाईंनी नानासोला गाठलं. तो गर्दीमागं जात होता.

"काकू, तालीम हाय ही," तो म्हणाला. "इंद्रा आला की परत करू. हुबेहूब."

"फुलं हायत का परत?"

नानासोनं अंगावरची एक पाकळी झटकली.

"हलगी ऱ्हाणार हाय?"

नानासोनं चौकात घातलेल्या मांडवाकडं बघितलं, जणू मांडव उत्तर देणार होता. साळूबाई घरात गेल्या आणि त्यांनी अर्धं दार लावून घेतलं. अर्धं उघडं ठेवलं, कारण पोरगं यायचं होतं.

मांडवात पुढचं सगळं ठरल्याप्रमाणं झालं. फक्त माणूस बदलला होता. शाल पास्टर डग यांना गेली, श्रीफळ गेलं. मग सन्मानचिन्ह आलं. काचेचं, जड, वर दोन तलवारी आणि खाली सोनेरी अक्षरांत 'नाईक इंद्रजित लालासाहेब यांस ग्रामस्थ धोंडेमाळ यांजकडून'. नानासोचा हात जरा अडखळला. पण व्यासपीठावर शाल-श्रीफळ झालं, की हात आपोआप तिसऱ्या वस्तूकडं जातो. नुसतं फोटोपुरतं द्यावं आणि उतरताना परत मागून घ्यावं, असं त्यानं मनाशी ठरवलं. पास्टर डग यांनी ते हातात घेतलं, त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, छातीशी धरलं आणि आपल्या पाठीवरच्या पिशवीत ठेवून चेन लावली. पाहुण्याची पिशवी उघडून दिलेली वस्तू परत कशी काढायची, हे धोंडेमाळात कुणालाच माहीत नव्हतं.

पाऊण वाजता इंद्रजित फाट्यावर एसटीतून उतरला. फाट्यावर झेंडूचा सडा होता, चिखलात तुडवलेले पाण्याचे ग्लास होते आणि चहाच्या टपरीवर बिराप्पा एकटा बसला होता. इंद्रजितनं पेटी खाली ठेवली. ती लालासाहेबांचीच पेटी. एका कोपऱ्याला पोचा होता. वर पांढऱ्या रंगानं त्याचा नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलं होतं.

"मिरवणूक आत्ताच गेली की," बिराप्पा म्हणाला.

"कुणाची?"

"तुजीच. तू न्हवतास, म्हणून पाव्हण्यांस्नी बसवलं."

इंद्रजितचा विश्वास बसेना, म्हणून बिराप्पानं मोबाईलवर नानासोचं लाईव्ह दाखवलं. मागं फ्लेक्सवर इंद्रजित सॅल्यूट करत होता आणि पुढं एक उंच माणूस शाल पांघरून डोळे पुसत होता.

"चांगली झाली," तो म्हणाला आणि मोबाईल परत दिला.

बिराप्पानं त्याला चहा दिला आणि दुचाकीवरून सोडायला कुणी मिळतंय का ते बघितलं. पण दुचाक्या सगळ्या मिरवणुकीत होत्या. इंद्रजितनं टॉवेलची चुंबळ केली, पेटी डोक्यावर घेतली आणि चालायला लागला.

अर्ध्या वाटेवर करुणाबाईंनी त्याला अडवलं. पेटी खाली ठेवायला लावली, सावलीत आणून पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्चीवर बसवलं आणि पाहुण्यांचं लिंबू सरबत दिलं. तो दुसरा ग्लास पीत होता तेव्हा पाच बायका समोर ओळीनं उभ्या राहिल्या. बनाबाई म्हणाली, की आता शिकलोय तर म्हणून तरी टाकू, संध्याकाळपर्यंत डोक्यात राहील याचा नेम नाही. आणि त्यांनी ते इंग्रजी स्वागतगीत म्हटलं. तिन्ही कडवी, एकही शब्द न गाळता. इंद्रजितला ते राष्ट्रगीतासारखं काहीतरी वाटलं, म्हणून तो ग्लास ठेवून सावधान उभा राहिला आणि शेवटपर्यंत हलला नाही. करुणाबाईंना रडू आलं. त्यांनी ते सरबताच्या पातेल्यात बघत आवरलं.

"सिस्टरबाई, रंग द्यायला आली व्हय ही मानसं?" त्यानं विचारलं.

"व्हय बाळा."

"मग मिरवनुकीत काय करत्यात?"

"त्यांना तरी कुठं ठाऊक आहे," करुणाबाई म्हणाल्या. "चल, मीच येते. तुला पोचवते आणि माझे पाहुणे घेऊन येते."

चौकात पोचले तेव्हा मांडवात सात पाहुणे आणि सगळं पंचमंडळ एका मोठ्या फोटोसाठी उभं राहत होतं. पाहुण्यांची गाडी मांडवाच्या तोंडाशी लागली होती आणि मुक्काम इथंच समजून ड्रायव्हर टपावरच्या बॅगा खाली काढत होता. इंद्रजित डोक्यावर पेटी घेऊन मांडवातून घराकडं निघाला. पेटीच्या सावलीत त्याचं तोंड कुणाला दिसत नव्हतं. ड्रायव्हरनं त्याला बघितलं आणि त्याच्या दोन्ही हातांत दोन बॅगा दिल्या. फौजी माणसाच्या हातात कुणी वजन दिलं तर तो आधी घेतो, मग विचारतो. इंद्रजितनं घेतल्या. पेटी डोक्यावर आणि बॅगा हातांत घेऊन तो बरोबर कॅमेऱ्याच्या समोर आला.

नानासोनं माईक हातात घेतला.

"ओ बॅगावाले," गावभर लावलेल्या चारही कर्ण्यांतून आवाज आला. "हिकडनं न्हाई. बॅगावाल्यांनी मागनं यावं. फोटो खराब हुतोय."

पेटीवर पांढऱ्या अक्षरांत नाव होतं. वीत-वीत मोठी अक्षरं होती. मांडवात तीनशे माणसं बसली होती आणि बहुतेकांना वाचता येत होतं. इंद्रजित जागेवर थांबला, मागं वळला आणि मांडवाच्या मागच्या बाजूनं गेला. करुणाबाई माईकच्या दिशेनं धावल्या, पण त्यांचे पाहुणे आता त्यांना जवळून ओळखून मिठ्या मारायला लागले आणि त्या तिथंच अडकल्या.

साळूबाईंना वाचता येत नव्हतं. पण अर्ध्या दारातून त्यांनी पेटीच्या कोपऱ्याचा पोचा बघितला. त्या उठल्या, ताटली घेतली, तांब्यात परत पाणी भरलं आणि मागच्या दारानं बाहेर आल्या.

मांडवामागं जनरेटर धडधडत होता. एका बाजूला खरकटी ताटं धुतली जात होती, दुसऱ्या बाजूला जीपमधून झाडून काढलेल्या पाकळ्यांचा ढीग होता. ढिगाशेजारी अर्जुना जेसीबीच्या सावलीत जेवत होता. मधे इंद्रजित उभा होता.

"खाली ठेव ती पेटी," साळूबाई म्हणाल्या.

"आई, घरात जाऊन ठेवतो."

"खाली ठेव म्हणते."

त्यानं पेटी ठेवली, बॅगा ठेवल्या. साळूबाईंनी भाकरीचा तुकडा त्याच्यावरून तीनदा ओवाळला आणि लांब टाकला. पायांवर पाणी घातलं. मग डोळ्यांना पदर लावला आणि त्याच पदरानं त्याचं तोंड पुसलं. अर्जुना जेवणावरून उठला होता. त्यानं हात धुतले आणि ढिगाकडं बघत ओशाळून विचारलं, "काकू, झाडलेली हायत, पर वरची वरची बरी हायत. टाकू का वंजळभर?"

"नगं," साळूबाई म्हणाल्या. "जेव तू."

मग एक बॅग त्यांनी स्वतः उचलली, एक इंद्रजितनं, आणि दोघांनी त्या पाहुण्यांच्या गाडीत नेऊन ठेवल्या. मागनं.

पाहुणे चार दिवस राहिले. दवाखान्याच्या भिंती निळ्या झाल्या, फरशीही बरीचशी निळी झाली. त्या स्वागताची हकिगत करुणाबाई रोज त्यांना खरी सांगणार होत्या. पण पास्टर डग रोज सकाळी प्रार्थनेच्या वेळी त्या स्वागताबद्दल देवाचे आभार मानायचे आणि डोळे पुसायचे. खरं सांगितलं असतं तर एवढं रडणं वाया गेलं असतं. ते गेले. सन्मानचिन्हही गेलं. नानासोनं साळूबाईंना शब्द दिला, की येत्या पंधरा ऑगस्टला इंद्राचा मोठा सत्कार घेऊ. त्या पंधरा ऑगस्टला पाऊस होता. इंद्रजितला कुपवाडच्या एका कारखान्यात गेटवर सुरक्षारक्षकाचं काम लागलं. मालाच्या गाड्या पुढच्या गेटनं घ्यायच्या नसतात. तो त्यांना हात करून सांगतो, "मागनं या."

दिवाळीच्या आधी करुणाबाईंकडं अमेरिकेहून पार्सल आलं. त्यात धोंडेमाळसाठी एक मोठा फ्रेम केलेला फोटो होता. मांडवातला. मधोमध फेटा बांधलेले पास्टर डग, शाल खांद्यावर. मागं फ्लेक्सवर सॅल्यूट करणारा इंद्रजित. आणि एका बाजूला, डोक्यावर पेटी आणि दोन्ही हातांत बॅगा घेतलेला इंद्रजित. म्हणजे इंद्रजित दोनदा होता. एकदा चेहरा होता आणि एकदा पेटी. त्या दिवसाचा त्याचा दुसरा फोटो कुणाकडंच नव्हता, म्हणून करुणाबाई तो साळूबाईंना द्यायला गेल्या.

साळूबाईंनी तो लालासाहेबांच्या फोटोशेजारी लावला. थोडं लांब जाऊन बघितला. मग आतून कॅलेंडर आणलं आणि त्याच खिळ्याला असं अडकवलं, की पास्टर डग बरोबर कॅलेंडरखाली गेले. आता एका बाजूला फ्लेक्स दिसत होता, एका बाजूला पेटी, मधे ऑक्टोबर महिना.

पार्सलमध्ये पत्रही होतं. करुणाबाईंनी ते वाचून दाखवलं. तुम्ही दिलेलं सन्मानचिन्ह आम्ही चर्चच्या दाराशी काचेच्या कपाटात ठेवलं आहे, येणारा प्रत्येक माणूस ते बघतो, फक्त त्यावर काय लिहिलं आहे ते आम्हाला कुणाला वाचता येत नाही, कळवाल का, असं पास्टर डग यांनी लिहिलं होतं.

"काय लिहू?" करुणाबाईंनी विचारलं.

साळूबाईंनी कॅलेंडर जरा सरळ केलं.

"लिवा, माझ्या पोराचं नाव हाय म्हणून," त्या म्हणाल्या. "आन् म्हणावं, ठेवलंयसा तर रोज पुसत जावा. नाव हाय. धूळ बसती."